सूत्रकृमींचे वनस्पतिजन्य नियंत्रण

पिकांच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींची संख्या वनस्पतींच्या किंवा वनस्पतिजन्य पदार्थांच्या साहाय्याने मर्यादित ठेवण्याच्या पद्धतीस सूत्रकृमींचे वनस्पतिजन्य नियंत्रण म्हणतात. निंबोळी पेंड, झेंडू व मोहरी यांचा त्यासाठी प्रामुख्याने उपयोग होतो.

नुकसानीचे स्वरूप

सूत्रकृमी हे धाग्यासारखे, बहुधा नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कृमी आहेत. मेलॉयडोगायनी या प्रजातीतील सूत्रकृमींमुळे टोमॅटो, वांगी, भेंडी, डाळिंब इत्यादी पिकांच्या मुळांवर गाठी येतात. पाणी व अन्नद्रव्यांचे शोषण खुंटून झाड पिवळे पडते. कडधान्यांच्या मुळांवरील नत्र स्थिर करणाऱ्या उपयुक्त गाठी सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ मात्र मुळाचाच फुगलेला भाग असल्याने सुटत नाही.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकात सूत्रकृमींसाठी तीव्र रसायने वापरली जात. त्यांपैकी डीबीसीपीमुळे कॅलिफोर्नियातील एका कारखान्यातील पुरुष कामगारांना वंध्यत्व आल्याचे १९७७ मध्ये उघड झाले. मिथिल ब्रोमाइड ओझोन थरास घातक ठरल्याने माँट्रिऑल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला.

प्रमुख वनस्पती

* कडुनिंब : निंबोळीचे तेल काढल्यावर पेंड उरते. तिच्यात अझाडिरॅक्टिनसारखी संयुगे असतात. पेंड कुजताना सुटणारा अमोनियाही सूत्रकृमींना मारक ठरतो. पिकास नत्र मिळते.
* झेंडू : मुळांतील अल्फा-टर्थिएनिल या संयुगाचा सूत्रकृमिनाशक गुण नेदरलँड्समधील संशोधकांनी १९५८ मध्ये दाखवला. जिवंत मुळांचा परिणाम अधिक असल्याने झेंडू आधीचे पीक म्हणून किंवा आंतरपीक म्हणून लावतात.
* मोहरी : हिरवे पीक चिरडून ओल्या जमिनीत गाडल्यास आयसोथायोसायनेट वायू सुटतात. या प्रक्रियेस जैवधूमन म्हणतात.

करंज व एरंडीची पेंडही वापरली जाते. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष असल्याने ती जनावरांच्या तोंडी लागणे धोक्याचे असते.

मर्यादा

या उपायांनी सूत्रकृमींचा समूळ नाश होत नाही आणि परिणाम सावकाश दिसतो. पेंड लागवडीपूर्वी मातीत मिसळणे अधिक उपयुक्त ठरते, कारण मुळांत शिरलेल्या कृमींवर तिचा प्रभाव कमी पडतो. झेंडूचे सर्व वाण सर्व सूत्रकृमींवर सारखे परिणामकारक नसतात. त्यामुळे पीक फेरपालट, उन्हाळी नांगरट, प्रतिकारक्षम वाण व रोगमुक्त रोपे यांच्या जोडीने हे उपाय एकात्मिक व्यवस्थापनाचा भाग म्हणून योजले जातात.