रेती-उपसा आणि नदीतील गाळ (वर्धा नदी, कौंडण्यपूर)

नदीपात्रातून रेती काढल्याने गाळाच्या वाहण्या-साचण्यात होणारे बदल. प्रस्तुत नोंद अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर परिसरातील वर्धा नदीपुरती आहे.

वर्धा मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईच्या पठारावर उगम पावते, अमरावती व वर्धा जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. या खोऱ्याचा मोठा भाग बेसॉल्टचा आहे. बेसॉल्ट झिजला की मुख्यतः काळी चिकणमाती तयार होते. ती पुराच्या पाण्यात तरंगत दूर जाते. जाड रेती मात्र तळाशी घरंगळत, पुरापुराने थोडी थोडी सरकते. त्यामुळे पात्रात दिसणारा रेतीचा थर अनेक पावसाळ्यांची साठवण असते.

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण झाल्यापासून वरून येणारी जाड रेती जलाशयातच अडकते. तेरा दरवाजे उघडून पाणी सोडले तरी त्यासोबत येते ती प्रामुख्याने बारीक माती. धरणाखालच्या नाल्यांतून येईल तेवढीच भर आता कौंडण्यपूरच्या पात्राला मिळू शकते. खाली आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरण असल्याने नदीचा हा पट्टा दोन धरणांमध्ये सापडला आहे. अशा पात्रातून रेती काढणे म्हणजे आवक आटलेल्या खात्यातून रक्कम काढत राहणे होय.

उपशाचे परिणाम खड्ड्यापुरते राहत नाहीत. पोकलेनने केलेल्या खोल खड्ड्यात पाणी वेगाने उतरते, खड्ड्याची वरची कड ढासळते आणि खोदाई नदीच्या वरच्या अंगाला सरकत जाते. खड्ड्यात गाळ अडकल्याने खालच्या अंगाला तो पोचत नाही, म्हणून तिथलाही तळ खरवडला जातो. पात्र खोल गेले की काठ उंच व उभे होतात, पायथा सुटतो आणि काळ्या मातीच्या दरडी शेतासह कोसळतात. पुलांचे पाये उघडे पडतात. उपशात ढवळलेली बारीक माती उरलेल्या रेतीच्या फटी बुजवते. त्यामुळे पाणी मुरणे मंदावते आणि माशांची अंडी घालण्याची जागा बिघडते.

पाण्याचे नुकसान सर्वांत मोठे. रेतीच्या थरात पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते. त्यावरच काठच्या विहिरी, पात्रात खणलेले झिरे आणि डांगरवाड्या (टरबूज-खरबुजाचे मळे) अवलंबून असतात. तळ खाली गेला की भूजलही नदीकडे लवकर ओसरते.

कौंडण्यपुरात आणखी एक धोका संभवतो. विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून हे स्थान पूजिले जाते. 1960च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन आणि सातवाहनकालीन अवशेष मिळाले. या वस्तीची टेकाडे नदीकाठीच आहेत. काठ ढासळला तर अजून न तपासलेले थर पुरात जातील आणि ते परत मिळणार नाहीत.

आयर्लंडमधील पीटचा अनुभव रेती-उपशाच्या उलट बाजूचा आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो काढण्यासाठी दलदल निचरून पृष्ठभाग खरवडला जातो. सुटे कण चरांतून नदीत जातात आणि सामन, ट्राउट यांच्या अंड्यांवर बसतात. हे टाळण्यासाठी चरांच्या तोंडाशी निवळण-तळी बांधावी लागली. 1946 साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने 2021 मध्ये पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. तिथे नदीवर गाळ लादला गेला, इथे तिच्याकडून तो हिरावला जातो. दोन्हीकडे माशांच्या अंड्यांची जागा जाते.

भारतात दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य (2012) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान रेतीघाटांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. केंद्राच्या 2016 आणि 2020च्या मार्गदर्शक सूचनांनी दरवर्षी किती रेती नव्याने येते याच्या अभ्यासावर भर दिला. महाराष्ट्राने 2023 मध्ये डेपोतून 600 रुपये ब्रासने रेती विकण्याचे धोरण आणले आणि 2025 मध्ये पुन्हा लिलावाकडे वळण घेतले. दर आणि विक्रीची पद्धत बदलल्याने नदीत येणारी रेती वाढत नाही. धरणाखालच्या घाटांना पावसाळ्याआधी व नंतर तळ मोजल्याशिवाय परवानगी देऊ नये, आणि कौंडण्यपूरच्या टेकाडांलगतचा काठ उपशातून पूर्णपणे वगळावा.