अबोल इंग्रजीचा इतिहास

दहावीला इंग्रजीत ऐंशी गुण मिळवलेली मुले आपल्या आसपास पुष्कळ असतात. व्याकरण पाठ, निबंध पाठ, पत्राचा मायना पाठ. पण घरी आलेल्या पाहुण्याने इंग्रजीत दोन प्रश्न विचारले की तीच मुले आईच्या तोंडाकडे पाहू लागतात. याचे कारण विचारले की 'मराठी माध्यम' हे उत्तर तयार असते आणि त्या उत्तराच्या जोरावर गावोगावच्या मराठी शाळांचे पट रोडावत चालले आहेत. म्हणून हे उत्तर इतिहासाच्या कसोटीला लावून पाहणे निकडीचे आहे. माझ्या मते ते तेथे टिकत नाही. परीक्षेने ज्याचे मोल केले तेवढेच शाळांनी शिकवले, आणि बोलण्याचे मोल परीक्षेने क्वचितच केले.

आरंभ असा नव्हता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. एतद्देशीयांत इंग्रजी विद्येची गोडी वाढावी, हा या पत्राचा एक घोषित हेतू होता. मराठी स्तंभात बातमी वाचून कळली की त्याच बातमीचे इंग्रजी ओळखीचे वाटू लागते. मातृभाषेचा हात धरून परभाषेत शिरण्याची ही सोय विशीतल्या एका तरुण विद्वानाने करून ठेवली होती.

पुढच्या दशकात वाद पेटला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. शंकरशेट इंग्रजीचे विरोधक मुळीच नव्हते. इंग्रजी शिकावे, पण ज्ञान सर्वदूर पोचवायचे तर ते लोकांच्या भाषेतूनच पोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन्ही बाजूंना थोडे थोडे दिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात सावित्रीबाई फुले यांनीही इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरलेला दिसतो. म्हणजे ही ओढ केवळ कारकुनी मिळवू पाहणाऱ्यांची नव्हती. ज्यांना विद्येपासून दूर ठेवले गेले, त्यांचीही होती.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. रानडे आणि भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. यानंतर हायस्कुलाचे सारे गणित मॅट्रिकभोवती फिरू लागले. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हटल्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते विष्णुशास्त्री चिपळूणकर तिच्या संस्थापकांत होते. पण स्वाभिमानाने काढलेल्या या शाळेलाही आपली योग्यता मॅट्रिकच्या निकालावरच सिद्ध करावी लागली. घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पोचली. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, हा तिचा क्रम. तिने पिढ्यान्‌पिढ्या वाक्यरचना पक्की केली, हे मान्यच करायला हवे. मात्र तिच्यावर पोसलेला विद्यार्थी आधी मनात मराठी वाक्य जुळवी, मग त्याचे भाषांतर करी. कागदावर त्याला तेवढी उसंत मिळते. समोरासमोरच्या बोलण्यात ती मिळत नाही.

ही उणीव कुणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. पी. सी. रेन हे नाव मराठी घरांत 'रेन अँड मार्टिन'च्या जाडजूड व्याकरणामुळे माहीत आहे. हे रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि त्या काळी याच इलाख्यात असलेल्या कराचीत त्यांनी काम केले. १९११ मध्ये त्यांनी 'द डायरेक्ट टीचिंग ऑफ इंग्लिश इन इंडियन स्कूल्स' हे पुस्तक लिहिले. प्रत्यक्ष पद्धतीचे सूत्र असे, की शब्दाचा अर्थ भाषांतराने न सांगता वस्तू दाखवून, कृती करून सांगावा. आधी कान आणि जीभ, मग डोळा आणि लेखणी. हे पुस्तक आज कुणाला आठवत नाही. १९३०च्या दशकातले व्याकरण मात्र अजून खपते आहे. परीक्षेला उपयोगी पडले ते तगले.

ढाक्याला शिक्षण खात्यात असलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये नेमकी उलटी बाजू मांडली. बहुतेक मुले शाळा अर्ध्यावर सोडतात, तेव्हा त्यांच्या हाती काय उरेल, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर होते वाचन. मोजक्या शब्दांत लिहिलेल्या सोप्या गोष्टींची पुस्तके त्यांनी तयार केली. रेन आणि वेस्ट यांत मतभेद दिसत असले तरी एका गोष्टीवर दोघांना एकत्र बसवता येईल: मुलाने भाषा आधी वापरावी, तिचे नियम मागाहून येऊ द्यावेत.

स्वातंत्र्यानंतर चर्चा फिरली ती 'कितवीपासून' या एकाच प्रश्नाभोवती. खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचे इंग्रजी गेले आणि मुले आठवीत एबीसीडी गिरवू लागली. पुढे ते पाचवीत परतले. २००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने ते पहिलीपासून आले. इयत्ता खाली सरकत गेली, पण वर्गातले इंग्रजी बहुतांशी फळ्यावरच राहिले.

अलीकडचा दाखला अधिक बोलका आहे. दहावीला भाषेसाठी तोंडी परीक्षेचे वीस गुण होते. शाळा ते सढळ हाताने वाटतात, अशी तक्रार झाली आणि २०१८-१९ पासून ते बंद झाले. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. एकूण निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि गुण परत आले. या साऱ्या गदारोळात टक्केवारीची चर्चा झाली. मुलांना बोलता येते का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. न ऐकता गुण देणे आणि गुणच काढून टाकणे, दोन्हींत मुलाचा आवाज कुणी ऐकला नाही.

म्हणून आठवी-नववीच्या शिक्षकांपुढे इतिहासाने ठेवलेली शिदोरी अशी आहे. 'दर्पण'कडून घ्यायचे ते मराठीचा आधार घेताना न लाजणे. वेस्टकडून, धड्यापेक्षा सोपी अशी गोष्टींची पुस्तके; ती आधी शिक्षकाने मोठ्याने वाचावीत, मग मुलांनी. रेनकडून, आधी बोलणे. आपल्या गावचा बाजार, शेत, सामना यांवर मुलाने चार वाक्ये बोलावीत आणि वाक्य पुरे होईपर्यंत कुणी चूक काढू नये. त्या वीस गुणांसाठी वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे खरोखर ऐकावे. साठ मुलांच्या वर्गाला त्यासाठी पाच तास लागतात. माध्यम बदलण्यापूर्वी एवढा खर्च करून पाहायला हरकत नसावी.