टॅक्सीचे इंजिन, घरची फियाट

मोटारीच्या आरसी पुस्तकात चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक एकाखाली एक लिहिलेले असतात. ते एकाच गाडीच्या जन्मापासूनचे सोबती, असे आपण धरून चालतो. मुंबई परिसरातल्या जुन्या फियाटबाबत ही समजूत फारशी टिकत नाही. चासी एका दारात राहिली, तरी इंजिन बरेचदा चार गावे फिरून आलेले असते. अंबरनाथला माझ्या दारात १९६७ ची फियाट ११००-डी आहे. पाण्याच्या जॅकेटपाशी तिचा ब्लॉक तडकला होता. त्यासाठी जुने इंजिन शोधताना या इंजिनांचा प्रवास कळत गेला, तो इथे मांडतो.

प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या गाड्या निघाल्या. १९५३ च्या सुमारास केंद्र सरकारने धोरण बदलले: नुसती जुळणी चालणार नाही, सुटे भागही इथेच बनवा. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियरने फियाट ११०० हाती घेतली. तिचे इंजिन अगदी साधे. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. हिशेब केला की १०८९ सीसी. पुढे सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावे बदलत गेली, पण पेट्रोल पद्मिनीत शेवटपर्यंत १०८९ सीसीच राहिले. कारखानदारीच्या दृष्टीने ही नामुष्की म्हणावी लागेल. दुरुस्ती करणाऱ्यांना मात्र तिचा मोठा आधार झाला, कारण किरकोळ फेरफार केले की तीस वर्षांनंतरचे इंजिनही जुन्या गाडीत बसते.

ही इंजिने येत कुठून? मुख्यतः काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून. टॅक्सी म्हातारी झाली की मालक परमिट नव्या गाडीवर चढवी आणि जुनी कापायला जाई. इंजिन, गिअरबॉक्स, डायनामो वेगवेगळ्या हाती जात. मुंबईत २००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा आली, २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आली. त्या काळात कुर्ल्याच्या भंगार बाजारात पद्मिनीची इंजिने मुबलक होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोक हळहळले. घरच्या फियाटना इंजिने पुरवणारा झरा त्या दिवशी आटला, हे मात्र कोणी लिहिले नाही.

मला इंजिन मिळाले ते कुर्ल्यात नव्हे, उल्हासनगरात, एका बंद गॅरेजच्या मागच्या खोलीत. वजनाच्या भावात मागितले, इंजिनाच्या भावात मिळाले. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक टर्नर सोबत होते. हेड उतरवल्यावर ते पोथी वाचावी तसे वाचू लागले. पिस्टनच्या माथ्यावर ०.६ उमटलेले, म्हणजे ब्लॉक एकदा बोअर झालेला. व्हॉल्व्हच्या सीट खोल बसलेल्या; ही सीएनजीची खूण, कारण कोरड्या वायूवर सीट लवकर झिजतात. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, तो सगळा काळ त्या सीटमध्ये दिसत होता. आम्ही स्लीव्ह टाकून बोअर पुन्हा ६८ वर आणला आणि सीट बदलल्या.

खरी अडचण कागदांची. त्याआधी एका विक्रेत्याने दुसऱ्याच ब्लॉकवर माझ्या गाडीचा जुना नंबर पंच करून द्यायची तयारी दाखवली होती. मी नाही म्हटले. तो गुन्हा आहेच, शिवाय त्यात त्या ब्लॉकचा उरलासुरला इतिहास घासून जातो. उल्हासनगरच्या इंजिनाबरोबर टॅक्सीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद होता, म्हणून ते महाग पडूनही घेतले. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली इंजिनबदलाची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. कल्याण आरटीओत ती केली.

आता एक पेच उरतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज पाटी मिळू शकते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी आणि इंजिनातही मोठा बदल झालेला नको. त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवणे हा ‘बदल’ धरायचा का? माझ्या मते धरू नये. काचघरात जपलेल्या गाड्यांना ही अट शोभते. मुंबईची फियाट रस्त्यावर राहिली तीच मुळी इंजिने बदलत. सध्या मी पाटीसाठी अर्ज केलेला नाही. जुना नंबर असलेला तडका ब्लॉक मात्र घरात ठेवला आहे.

या इंजिनांच्या फिरतीची लेखी नोंद गॅरेजवाल्यांच्या बिलबुकांत आहे, आणि ती रद्दीत जात आहे. कुर्ला, कल्याण, उल्हासनगर भागातल्या कोणा वाचकाच्या घरी वडिलांच्या गॅरेजची अशी पुस्तके असतील, तर ती टाकू नयेत. मला चाळायला मिळाली तर इंजिन क्रमांक आणि तारखा एवढेच उतरवून घेईन.