धाराऊपासून दूधपेढीपर्यंत

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ नावाचे गाव लागते. पुरंदरचा डोंगर तेथून फारसा दूर नाही. या गावच्या गाडे घराण्यातील धाराऊ ही संभाजीराजांची दूधआई होय. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर राजांचा जन्म झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती ढासळत गेली, बाळाला दूध पुरेना, म्हणून धाराऊला बोलावून आणले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई निवर्तल्या, तेव्हा बाळ जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. धाराऊचे मुलगे अंतोजी व रायाजी हे पुढे राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले.

हिमायतनगरात मराठी घरांतील मुलांसाठी मी शनिवारी एक वर्ग घेते. हा भाग सांगून झाल्यावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "टीचर, मग धाराऊच्या बाळाला कोण पाजत होतं?" इतकी वर्षे इतिहास शिकवूनही हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. आजचे हे भाषण त्या प्रश्नातूनच निघाले आहे.

तान्ह्या मुलाला पहिल्या दिवशी काय द्यावे, याविषयी आपल्या पूर्वजांत एकमत नव्हते. मध व तूप चाटवून लगेच उजव्या बाजूने पाजावयास घ्यावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. सुश्रुतसंहितेचे म्हणणे निराळे. तीन-चार रात्री गेल्यावरच दूध सुरू होते, तोवर मधतुपावर भागवावे, असा तिचा रोख आहे. घरोघरच्या म्हाताऱ्यांनी दुर्दैवाने सुश्रुताचा पक्ष उचलला, आणि तोही त्याचे नाव न ऐकता! माझी आजी वसईची, घर ख्रिस्ती. तिने संहिता पाहिलेली असण्याचा संभवच नाही. तरी पहिला पिवळट चीक पिळून टाकावा, तो बाळाला जड जातो, असे तीही सांगे. गाय व्याली म्हणजे मात्र त्याच चिकाचा खरवस घरात वाटीवाटीने वाटला जाई. वासराला मानवणारी वस्तू माणसाच्या पोराला कशी बाधेल, असा प्रश्न तिला कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

हा समज केवळ आपलाच होता असेही नाही. युरोपातही शतकानुशतके पहिले दूध खराब मानीत. १७४८ साली विल्यम कॅडोगन या इंग्रज वैद्याने बालसंगोपनावर एक निबंध छापून, मुलाला लवकर आईच्या अंगावर घ्यावे, असे आग्रहाने मांडले. चीक थोडाच येतो, पण नवजाताचे पोटही तेवढेच असते, आणि रोगांशी झुंजणारी द्रव्ये त्यात पुढच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक असतात, हे आज सिद्ध झाले आहे. जन्मल्यापासून तासाभरात पाजावे आणि सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणीसुद्धा नको, हे ऐकून आमच्याकडच्या सासवा अजून अविश्वासाने पाहतात.

आता हैदराबादकडे वळू. ज्या राजपुत्राच्या नावाने आमचे हिमायतनगर ओळखले जाते, त्या हिमायत अली खान आझम जाह यांच्या धाकट्या भावाशी १९३१ साली तुर्की राजकन्या निलोफर यांचा विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही. त्यांची एक दासी बाळंतपणात दगावली आणि त्या दुःखातून त्यांनी स्त्रिया व बालकांसाठी रुग्णालयाचा ध्यास घेतला, अशी हकीकत सांगतात. लाल टेकडीजवळचे निलोफर रुग्णालय १९५३ पासून उभे आहे. पुढे १९५८ साली कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा हैदराबादेस आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. डॉ. सी. गोपालन यांनी गरीब घरांतील स्तनदा मातांचा अभ्यास करून दाखविले, की अपुऱ्या अन्नावर जगणारी बाईसुद्धा महिनोन्‌महिने रोज सुमारे अर्धा लिटर दूध देते. ते येते तिच्याच शरीरातून, तिच्याच झिजेतून. या शोधाचा अभिमान वाटावा की लाज, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

मधल्या काळात डब्यातल्या भुकटीने घरोघरी प्रवेश केला. भुकटी स्वतः विष नव्हे. पण पाणी गढूळ, बाटली नीट उकळलेली नाही, आणि डबा महिनाभर पुरवायचा म्हणून दूध पातळ केलेले, अशा घरात ती विषासारखीच ठरते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ सालीच सिंगापुरात भर सभेत याला खुनाची उपमा दिली होती. जगाची आचारसंहिता व्हावयास १९८१ साल उजाडले. भारताने १९९२ साली कायदा करून बालदुधाच्या जाहिरातींना बंदी घातली.

आणि ज्या बाळाच्या आईला दूधच नाही, किंवा आईच नाही, त्याचे काय? धाराऊ काही प्रत्येकाला मिळत नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू केली. व्हिएन्नात अशी पेढी १९०९ सालीच निघाली होती. आशिया खंडातील पहिली मात्र शीवची. तेथे येणाऱ्या कित्येक माता धारावीसारख्या वस्तीतल्या. आपल्या बाळाचे पोट भरल्यावर उरलेले दूध त्या देतात. ते साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवतात, तपासतात, गोठवितात, आणि अपुऱ्या दिवसांच्या, तळहातावर मावेल अशा बाळाला नळीने थेंबथेंब देतात. देणारीचे बाळ आधी, दुसऱ्याचे मागून, हा त्या पेढीचा पहिला नियम आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणारी व्यवस्था आपल्याकडे अशी सव्वातीनशे वर्षांनी आली.

२०१७ साली निलोफर रुग्णालयातही अशी पेढी निघाली. आमच्या शहरात तिला आणखी एक पदर आहे. मुसलमानी धर्मशास्त्रात एका स्त्रीचे दूध प्यालेली मुले भावंडे ठरतात; त्यांचा विवाह होऊ शकत नाही. अनेकींचे दूध एकत्र मिसळले तर भावंडे ओळखावी कशी? याच शंकेपायी कराचीतील एक पेढी २०२४ साली उघडताच थांबवावी लागली. कोणी ही शंका हसण्यावारी नेईल, पण मला ती हसण्यासारखी वाटत नाही. अंतोजी-रायाजींना दूधभाऊ म्हणताना आपणही दुधाचे नातेच मानीत होतो.

त्या शनिवारानंतर मला एका जुन्या शाळेतली माझी तरुण सहशिक्षिका आठवली. बाळंतपणाच्या रजेनंतर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुटी घेण्याचा हक्क तिला १९६१ च्या कायद्याने होता. तो तिलाही ठाऊक नव्हता आणि मलाही. मधल्या सुटीत ती प्रयोगशाळेच्या कोठारात जाई, परीक्षानळ्यांच्या खोक्यावर बसून दूध काढी आणि मोरीत ओतून देई. मी बाहेर दाराशी उभी राहत असे, कोणी आत येऊ नये म्हणून.