बर्कलीच्या खड्ड्यातलं पाणी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं ब्यूट हे तांब्यावर पोसलेलं गाव. १९५५ साली तिथे बर्कलीची उघडी खाण सुरू झाली. उपसा चालू होता तोवर पाणी दबून होतं. एप्रिल १९८२ मध्ये खाणीच्या कंपनीने पंप बंद केले, तेही नेमके वसुंधरा दिनी! खालची भुयारं आणि मग खड्डा पाण्याने भरू लागला. खडकातल्या पायराइटला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, आणि ते तांबं, जस्त, आर्सेनिक विरघळवून घेतं. १९९५ मध्ये या तळ्यावर उतरलेले शेकडो स्थलांतरित स्नो गूज पक्षी मेले.

उपाय मात्र साधा, चुन्याचा. २००३ मध्ये उभारलेल्या हॉर्सशू बेंड प्रकल्पात पाण्यात चुना मिसळतात. आम्लता उतरते, धातू गाळ होऊन खाली बसतात.

काही वर्षं याच पाण्यातून तांबंही काढलं गेलं. पाणी भंगार लोखंडावरून सोडायचं. लोखंड विरघळतं, तांबं मागे राहतं. वेल्समधल्या पॅरीस डोंगरावरचे खाणवाले अठराव्या शतकात हेच करत होते. म्हणजे ज्याला आज प्रदूषण म्हणतात, ते तेव्हा कमाईचं साधन होतं.

२०१९ पासून बर्कलीचं पाणी उपसून, शुद्ध करून सिल्व्हर बो ओढ्यात सोडलं जातं. पंप पुन्हा सुरू आहेत, आणि या वेळी ते थांबवण्याची तारीख कोणी ठरवलेली नाही.