पनवेल महापालिका निवडणूक: एकाच शहरात तीन वेगळे सूर का?

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी एकाच दिवशी मतदान झालं. त्यात पनवेलही होतं. दुसऱ्या दिवशी निकाल आला आणि ७८ जागांच्या सभागृहात भाजपने बहुमताचा ४० चा आकडा पुन्हा सहज पार केला.

आकड्यांवरून निकाल सरळ वाटतो. पण पनवेलकरांचं बोलणं ऐकलं तर एक सूर सापडत नाही. खारघर-कामोठ्यात विषय मालमत्ता कराचा असतो, जुन्या पनवेलमध्ये पाण्याचा आणि गावांमध्ये राहत्या घरांच्या हक्काचा. एकाच महापालिकेबद्दल इतकी वेगळी मतं का, याचं उत्तर ही महापालिका कशी तयार झाली त्यात आहे.

तीन भागांची एक महापालिका

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. ती रायगड जिल्ह्यातली पहिली आणि राज्यातली २७ वी. २०११ च्या जनगणनेनुसार पनवेल नगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. त्यात २९ गावं आणि सिडकोच्या वसाहती जोडल्यावर हा आकडा त्याच जनगणनेच्या हिशोबाने ५ लाखांच्या वर गेला.

म्हणजे तीन प्रकारचे लोक एका छताखाली आले. पहिले, जुन्या पनवेलचे. इथली नगरपालिका १८५२ सालची, त्यामुळे नगरसेवक आणि घरपट्टी दोन्ही ओळखीचे. दुसरे, खारघर, कळंबोली, कामोठे अशा सिडको वसाहतींमधले फ्लॅटधारक. तिसरे, ज्यांच्या जमिनींवर या वसाहती उभ्या राहिल्या ते गावकरी.

वसाहतींचा राग कशावर?

वसाहतींमध्ये रस्ते, गटारं, बागा या सोयी सिडको पाहायची आणि त्यासाठी रहिवाशांकडून सेवा शुल्क घ्यायची. महापालिका झाल्यावर या सेवा लगेच हस्तांतरित झाल्या नाहीत. ते काम टप्प्याटप्प्याने, काही वर्षं चाललं.

२०२१ मध्ये महापालिकेने मालमत्ता कराच्या नोटिसा पाठवल्या, त्याही ऑक्टोबर २०१६ पासूनच्या. रहिवाशांचा सवाल साधा होता: ज्या काळात सेवा सिडकोने दिली आणि शुल्कही सिडकोलाच भरलं, त्याच काळाचा कर महापालिकेला पुन्हा का द्यायचा? ‘दुहेरी कर’ हा शब्द तेव्हापासून सोसायट्यांच्या बैठकांमध्ये रुळला. मोर्चे निघाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं.

महापालिकेची बाजू अशी की कायद्याने कराचा अधिकार स्थापनेच्या दिवसापासूनच मिळतो. शिवाय १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, स्थानिक संस्था कर गेला आणि मालमत्ता कर हाच स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार उरला.

यात खरा चटका शास्तीचा, म्हणजे दंडाचा आहे. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. समजा ५० हजार रुपये थकले, तर महिन्याला १ हजार आणि वर्षाला १२ हजार रुपये वाढतात. कर चुकीचा आहे असं मानून जो थांबला, त्याचंच बिल फुगत गेलं. २०२५ मध्ये शास्तीत सवलत देणारी अभय योजना आली, पण मूळ कराचा वाद त्याने मिटला नाही.

जुन्या शहरात पाणी, गावात घर

जुन्या पनवेलचं स्वतःचं देहरंग धरण आहे, पण ते लहान. उन्हाळ्यात तिथलं पाणी पुरत नाही आणि शहराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या पाण्यावर अवलंबून राहावं लागतं. सिडको वसाहतींसाठी हेटवणे धरणाचं पाणी येतं, ते सिडकोच्या हातात. शेजारचं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं. त्यामुळे नळ कोरडा राहिला की लोक नगरसेवकाकडे जातात, पण पाणी सोडणारी यंत्रणा बहुतेक वेळा दुसरीच असते.

गावांचा प्रश्न याहून जुना. सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित करायचं ठरलं. शेकापचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिस गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. कुटुंबं वाढत गेली तशी गावठाणाबाहेर ‘गरजेपोटी’ घरं उभी राहिली. ती नियमित व्हावीत ही मागणी प्रत्येक निवडणुकीत निघते. पण त्याचा निर्णय राज्य सरकार आणि सिडकोच्या दारात अडकलेला असतो.

मग हा राग मतपेटीत का दिसत नाही?

एक कारण मतदानाची पद्धत. पनवेलमध्ये २० प्रभाग आहेत: १८ प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन नगरसेवक. मतदाराला तेवढी मतं द्यावी लागतात. अशा वेळी एका मुद्द्यावर उभ्या असलेल्या एकट्या उमेदवारापेक्षा पक्षाचं पूर्ण पॅनल जड ठरतं. त्यात एकाच प्रभागात सोसायट्या आणि गाव दोन्ही येऊ शकतात आणि दोघांचे प्रश्न वेगळे असतात.

दुसरं कारण स्थानिक राजकारणाचं. हा भाग कधीकाळी शेकापचा बालेकिल्ला. माजी खासदार रामशेठ ठाकूर शेकापमधून काँग्रेसमध्ये गेले. त्यांचे पुत्र, आमदार प्रशांत ठाकूर २०१४ मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये आले. मे २०१७ च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत भाजपला ५१, शेकापला २३, तर काँग्रेस आणि राष्ट्रवादीला प्रत्येकी २ जागा मिळाल्या. डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या.

साडेतीन वर्षं विचारायचं कोणाला?

त्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेचे वाद न्यायालयात असल्याने निवडणूक लांबली. सुमारे साडेतीन वर्षं आयुक्तच प्रशासक होते. स्थायी समिती नाही, महासभा नाही. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच.

आता ७८ नगरसेवक आले आहेत. पाणी आणि गरजेपोटी घरं पूर्णपणे त्यांच्या हातात नाहीत. मालमत्ता कराचे दर आणि अंदाजपत्रक मात्र कायद्याने महासभेसमोर येतातच. तिथे कोणत्या नगरसेवकाने कोणत्या बाजूने हात वर केला, हे आता पनवेलकरांना पुन्हा पाहता येणार आहे.