इंग्रजीचे अध्यापन (वसई-विरार) : पूर्वतयारी व आरंभ

ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जात नाही अशा मुलांना व प्रौढांना ती भाषा शिकवण्याचा व्यवसाय. शिक्षणशास्त्रात अशा वेळी तिला द्वितीय भाषा म्हणण्याची रीत आहे. मराठी माध्यमाच्या शाळांत दहावीला मात्र ती तृतीय भाषा असते. वसई-विरारमध्ये काही मुलांच्या बाबतीत हा क्रम आणखी मागे जातो. घरात कादोडी, वाडवळी, वारली किंवा भोजपुरी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी आणि त्यानंतर इंग्रजी. वर्गातल्या मुलांच्या घरभाषा कोणत्या, याची नोंद नव्या शिक्षकाने सर्वांत आधी करावी.

वसईचा या विषयाशी जुना संबंध आहे. तर्खडकर हे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून आले. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर (1814–82) यांच्या घराण्याचे मूळ तेथलेच. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर मराठी माणसांच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आधी नियम सांगायचा, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी करून घ्यायचे, ही तिची पद्धत. तिने वाचन-लेखनाचा पाया भक्कम केला. बोलणे मात्र तेवढ्याने येत नाही.

राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. त्यापूर्वी मराठी शाळांत ती पाचवीपासून असे. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. ही दोन वर्षांची पदविका, तर माध्यमिक वर्गांसाठी इंग्रजीची पदवी व बी.एड. हा रुळलेला मार्ग आहे. आठवीपर्यंतच्या वर्गांवर नेमणुकीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही (टीईटी) उत्तीर्ण व्हावी लागते. शासकीय व अनुदानित शाळांतील भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. प्रौढांना शिकवायचे असेल किंवा परदेशी जायचे असेल, तर केंब्रिजचे ‘सेल्टा’ प्रमाणपत्र उपयोगी पडते. त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्गावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली शिकवावे लागते. नवख्याला खरी गरज याचीच असते आणि नेमका हाच भाग अनेक झटपट ऑनलाइन अभ्यासक्रमांत नसतो.

वर्गातली पहिली अडचण वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि प्रश्न विचारताना शब्दांची उलटापालट करावी लागत नाही. त्यामुळे ‘तू कुठे राहतोस?’चे मुले ‘यू व्हेअर लिव्ह?’ करतात. फळ्यावर नियम लिहून हे सुटत नाही. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ हा प्रश्न प्रत्येकाने शेजारच्याला विचारावा, ‘आय लिव्ह इन नायगाव’ असे उत्तर मिळवावे, मग बाक बदलून पुन्हा विचारावा. दोन-तीन तासिकांत रचना तोंडात बसते. ‘अ’ आणि ‘द’ यांच्या चुका सुरुवातीला सोडून द्याव्यात, कारण दर वाक्याला टोकले की मूल बोलणेच थांबवते. श्रवणासाठी लोकलमधली उद्घोषणा उत्तम. एकच मजकूर मराठी, हिंदी, इंग्रजीत लागोपाठ ऐकू येतो, आणि ‘नेक्स्ट स्टेशन’ हे शब्द विरार लोकलने ये-जा करणाऱ्या मुलाच्या कानावर आधीच पडलेले असतात.

अनुभवासाठी अनेक जण घरगुती शिकवणीपासून सुरुवात करतात. मात्र शाळेत नेमणूक झाल्यावर ती बंद करावी लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे.